बुलेट ३५० (कास्ट आयर्न) बिग एंड वाजतोय – घरी खोलू, लेथवाल्याकडे टाकू की बाहेरून रोलर किट मागवू?

डबलसीट_गडहिंग्लज

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

गाडी आण्णांची. १९८९ ची बुलेट ३५०, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, पॉइंटवाली, अँपिअरचा काटा बघून किक मारायची ती. आण्णा गेल्यावर दोन वर्षं गोठ्याशेजारी उभी होती, मग मी टायर, केबल, वायरिंग असं एकेक करत चालू केली आणि मागच्या महिन्यात बायकोला घेऊन आंबोलीला गेलो. जाताना मस्त. येताना घाट चढून वर आलो आणि तिसऱ्यावर जरा ओढायला लागलो की खालून ठक ठक ठक, जड आवाज, कुणीतरी आत लाकडी हातोड्याने ठोकतंय असा. रेस सोडली की बंद. गाडी थंड असताना नाही, गरम झाली की येतो. तेल बदललं, काही फरक नाही.

दोन मेकॅनिकना दाखवली. एक म्हणाला टॅपेट आहे, टाईट करून दिले, तीनशे घेतले, आवाज तिथंच. दुसरा म्हणाला कनेक्टिंग (पिस्टनच्या रॉडचं खालचं टोक, म्हणजे बिग एंड) गेलं, बुश (साधी धातूची बांगडी) काढून रोलर (बारीक गोल दांड्यांचं बेअरिंग) टाकू, पिस्टन-बोअर पण करून घेऊ, आठ दिवस गाडी ठेवा, १४ हजार. गाडी आठ दिवस कुणाकडे ठेवायची माझी तयारी नाही, खरं सांगतो, आण्णांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता.

मला कामाची आवड आहे. वाईस आहे, पुलर आहेत, १० टनी जॅक आहे. एका व्हिडिओत एकजण त्याच जॅकने चॅनेलची फ्रेम करून क्रँक (रॉड जिच्यावर फिरतो ती दोन जड चाकं आणि मधली पिन) फोडून म्हणजे सुटा करून परत दाबतो, बघायला सोपं वाटलं. दुसरीकडे वाचलं की इंग्लंडमध्ये या इंजिनसाठी खास बेअरिंग करणारे लोक आहेत, पण शिपिंग आणि ड्युटी धरली तर माझा दोन महिन्यांचा हप्ता जातोय.

तर प्रश्न असा, पुण्याच्या नाना पेठेतला साधा बुश आणून घरीच बसवू, का पैसे साठवून भारीतलं रोलर मागवू? की तिसरंच काही?

---

पाना_बारा_तेरा (कोल्हापूर)

भावा, आधी थांब. बेअरिंग कुठलं घ्यायचं ते नंतर, आधी आवाज नक्की कुणाचा ते ठरव. मी उद्यमनगरात लेथवर उभा राहून बावीस वर्षं काढली, दहा बुलेट "बिग एंड गेला" म्हणून येतात त्यातल्या सगळ्यांचा गेलेला नसतो.

डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर काढ. अल्टरनेटरच्या रोटरचा नट ढिला असला की अगदी असाच जड ठोका येतो, माणसं आख्खं इंजिन खाली घेतात आणि शेवटी नट आवळून घरी जातात. चेन लोंबत असली तरी वाजते. पिस्टनचा आवाज असेल तर तो थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी, तुझं उलटं आहे, म्हणून मला पण संशय खालीच जातोय. पण संशयावर इंजिन खोलायचं नसतं.

हेड आणि बॅरल काढ. एवढं काम घरी कुणालाही जमतं. पिस्टन वर आण, बरोबर टीडीसीला म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, खाली चिंधी कोंब म्हणजे सर्कलिप (पिस्टनची पिन अडवणारी तारेची कडी) आत पडणार नाही (पडणारच, म्हणून कोंब). पिस्टन काढ आणि रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढ. डावी-उजवीकडे हलला तर घाबरू नकोस, तेवढी जागा ठेवलेलीच असते. वर-खाली मात्र काहीच हलायला नको. आणि एक गोष्ट कोण सांगत नाही, तेल भरलेलं असताना हा प्ले लपतो, तेलाचा थर मधे बसतो आणि रॉड घट्ट वाटतो. थोडं डिझेल सोडून तेल धुऊन घे, मग बघ. बोटाला "टक" लागलं की समजायचं.

लागलं तर मग इंजिन उतरव, केसिंग (इंजिनचं खालचं कवच) खोल, धू, सगळं स्वतः कर. फक्त क्रँक घेऊन ये उद्यमनगरला. क्रँक घरी फोडायचा नाही.

---

डबलसीट_गडहिंग्लज

दादा धन्यवाद, रविवारी बॅरल काढतो. पण क्रँक का नाही? दोन चाकं, मधे पिन, नट काढला की सुटतंय ना? दाबायला जॅक आहेच.

---

जॅकवाला_नाशिक

"दाबायला जॅक आहेच" हे वाक्य मी पण बोललो होतो म्हणून लिहितोय.

लॉकडाउनमध्ये वेळच वेळ होता. माझी ९४ ची. चॅनेल वेल्ड करून फ्रेम केली, जॅक लावला, क्रँक सुटला, काय आनंद झाला विचारू नका, शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. नवीन पिन, नवीन बुश, नवीन रॉड आणला. बुश पिनवर फिरवून बघितला, गुळगुळीत, रॉडमध्ये पण फिरतोय, बुलेटचा बुश दोन्हीकडून मोकळाच असतो, पिनवर पण फिरतो आणि रॉडमध्ये पण फिरतो, म्हणून तर फ्लोटिंग बुश. हे सगळं बरोबर जमलं. मग परत दाबला. दोन्ही फ्लायव्हील एका लाइनीत आहेत का ते कसं बघितलं? तर स्टीलची फूटपट्टी लावून. आडवी लावली, उभी लावली, उजेड दिसत नाही म्हणजे झालं.

गाडी चालू झाली. आवाज गेला. पण ४५ च्या वर हँडल, फूटरेस्ट, टाकी सगळं थरथरायचं, हात बधीर व्हायचे. मी म्हटलं नवीन काम आहे, बसेल. अकराशे किलोमीटरला मेन बेअरिंग (क्रँकला दोन्ही बाजूंनी धरणारं) बोंबलायला लागलं. परत खोललं. लेथवाल्याने सेंटरवर धरून डायल (वाकडेपणा मोजायचा काटा) लावला आणि काटा बघून माझ्याकडे नुसतं बघितलं. अठरा घरं. म्हणजे ०.१८ मिमी. तो म्हणे आम्ही दोन घरांच्या वर सोडत नाही.

नवीन पिन, नवीन बुश, तिन्ही मेन बेअरिंग, पॅकिंग किट परत. आधीच लेथवाल्याला दिला असता तर त्याच्या मजुरीत दोन वेळा झाला असता. फ्रेम अजून आहे, बायको त्यावर कुंड्या ठेवते.

---

पाना_बारा_तेरा (कोल्हापूर)

@डबलसीट हे घे उत्तर. दाबायला ताकद लागते, ती जॅककडे आहे. सरळ करायला डायल आणि सेंटर लागतं.

कसं करतात सांगतो म्हणजे पैसे कशाचे देतोय ते कळेल. क्रँक दोन सेंटरमध्ये धरायचा, दोन्ही शाफ्टला एकेक डायल. हाताने हळू फिरवायचा. जिथं काटा सगळ्यात वर जातो तिथं फ्लायव्हीलवर खडूने खूण. मग बाहेर काढून खुणेच्या अंदाजाने कडेला तांब्याच्या हातोड्याने एकच ठोका, परत सेंटरला, परत डायल. कधी चाकं वर मिटलेली असतात आणि खाली फाकलेली, तेव्हा वेगळा ठोका, पाचर घालून. कधी तीन ठोक्यात होतं, कधी दुपारचं जेवण राहतं. आमचे म्हातारे उस्ताद ठोक्याच्या आवाजावरून सांगायचे चाक हललं का नुसतं वाजलं ते. मला अजून तेवढं येत नाही.

---

डबलसीट_गडहिंग्लज

दादा तांब्याचा हातोडा किती किलोचा असतो?

---

पाना_बारा_तेरा (कोल्हापूर)

परत तेच. क्रँक घेऊन ये म्हटलं ना 😄

---

रोलर_म्हणजे_रोलर

सगळे क्रँकवर बोलताय, मूळ प्रश्न बुश का रोलर असा होता. रोलर टाका आणि विसरा. माझ्या ८६ च्या गाडीला २००७ मध्ये लोकल रोलर किट टाकलं, रॉड, पिन, केज सगळं एकत्र येतं, साठ हजार किमी झाले, लडाख झालं, काही नाही. बुशला तेलाचं प्रेशर लागतं आणि या इंजिनाचा पंप म्हणजे दोन छोटे प्लंजर पुढं-मागं होतात, त्यातून येणारी धार बघितली तर लहान पोराची शू बरी. रोलरला नुसतं तेलाचं शिंतोडं पुरतं. संपला विषय.

---

रेडिचपासून_अर्ध्या_तासावर

विषय संपला नाही हो 🙂

मी मूळचा सातारचा, सध्या बर्मिंगहॅमजवळ. ज्या रेडिचमध्ये ही गाडी जन्मली ते माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. इकडं माझ्याकडे मद्रासचीच ३५० आहे, म्हणजे इंग्लंडमध्ये जन्मलेलं डिझाइन मद्रासला वाढून परत इंग्लंडला आलेलं, ते एक वेगळंच.

इकडच्या "स्पेशालिस्ट पार्ट" बद्दल तिकडे जरा जास्तच भक्ती आहे असं मला दिसतं म्हणून लिहितो. सॉलिहुलच्या बाजूला हिचकॉक्स म्हणून दुकान आहे, बुलेटचं जे म्हणाल ते मिळतं. डडलीला आल्फा बेअरिंग्ज आहेत, जुन्या ब्रिटिश सिंगल इंजिनांचे बिग एंड करण्यात त्यांचं नाव आहे. माल उत्तम, पिनचं फिनिश हातात घेतलं की कळतं. पण इकडची म्हातारी मंडळी काय करतात सांगू? इंजिन स्वतः शेडमध्ये खोलतात, सगळं स्वतः धुतात, आणि क्रँक खोक्यात घालून कुरियरने पाठवतात. पंधरा दिवसांनी नवीन बिग एंड बसवून, सेंटर करून परत येतो. सत्तरीचे आजोबा, घरात लेथ आहे, तरी क्रँक पाठवतात. तुमचे उद्यमनगरवाले दादा जे सांगतात तेच इथं चालतं, फक्त इथं त्याचे पौंड लागतात.

मग भारी किट कुणासाठी? ज्याने ५०० चा ५३५ सीसी केलाय, कॉम्प्रेशन वाढवलंय, मोटरवेला तासन्‌तास १०० च्या वर पळवतोय त्याच्यासाठी. ७० बाय ९० चं इंजिन, ३४६ सीसी, घरचं माणूस मागं बसवून साठ-पासष्टने जाणारी गाडी, तिला फ्लोटिंग बुश पुरून उरतो. तोच बुश घालून आण्णांनी इतकी वर्षं चालवली ना?

आणि रोलरभाऊंना एक. बुशला तेल कमी पडलं तर तो आधी वाजून सांगतो, डबलसीटला सांगितलं तसं. मऊ धातू असतो, बारीक कचरा स्वतःत रुतवून घेतो. रोलरमध्ये कचरा गेला की पिनला खड्डे पडतात आणि तो गेला की घाईत जातो. शिवाय रॉडचं वजन बदललं की बॅलन्स थोडा हलतो, एखाद्याला जाणवतो एखाद्याला नाही. रोलर वाईट नाही, माझ्या गाडीला रोलरच आहे. पण "टाका आणि विसरा" असं कुठलंच बेअरिंग नाही. तेल का कमी पडलं ते न शोधता रोलर टाकलं तर तुम्ही फक्त ओरडणाऱ्याचं तोंड बंद केलं.

---

रोलर_म्हणजे_रोलर

साठ हजार किमी झाले सांगतोय तरी लेक्चर. असो, तेल का कमी पडलं ते शोधा हे मान्य. माझ्या वेळेला पण टायमिंग कव्हरमधला कॉर्क गेलेला निघाला होता, हे लिहायचं राहिलं.

---

पाना_बारा_तेरा (कोल्हापूर)

हे आधी लिहायचं होतंस ना, राव! @डबलसीट हे वाच, हेच महत्त्वाचं.

उजवीकडचं टायमिंग कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला तेल आत जायचं भोक दिसतं. पंपाचं तेल कव्हरमधून येतं आणि तिथल्या छोट्या कॉर्कच्या सीलमधून क्रँकमध्ये घुसतं, तिथून पिनमध्ये, पिनमधून बुशला. शर्टाच्या बटणाएवढी चीज आहे. गाडी दोन वर्षं उभी होती म्हणालास, कॉर्क वाळून आक्रसला असणार. मग तेल आत जायच्या ऐवजी बाजूनेच सांडतं आणि बिग एंड कोरडा. वरती रॉकरच्या नळीला तेल दिसतंय म्हणून आपण निवांत. रॉकरला तेल आलं म्हणजे बिग एंडला गेलंच असं नाही.

तेलाचा फेल्टचा फिल्टर पण काढून बघ, कित्येक जण तेल बदलतात पण फेल्ट तसाच, चिखल झालेला असतो.

आणि ध्यानात ठेव, क्रँकच्या टोकाचा तो वर्मवाला (पंप फिरवणारा) नट उलट्या आट्याचा आहे. नेहमीसारखा डावीकडे फिरवत बसलास तर आणखी आवळशील, मग नळी घालून जोर लावशील, मग माझ्याकडे तुटका आटा घेऊन येशील.

---

मायक्रोवेव्ह_नाही_ओटीजी (पुणे)

मी गाडी चालवते पण आणि खोलते पण, आधीच सांगून ठेवते म्हणजे "ताई मेकॅनिकला विचारा" येणार नाही.

केसिंग घरी खोलणार असाल तर मेन बेअरिंगसाठी हातोडा वापरू नका. माझी पद्धत: केसिंग स्वच्छ धुऊन, डिझेलचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवून ओटीजीत (घरच्या ओव्हनमध्ये) १०० अंशांच्या आसपास तापवते. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र झाला पाहिजे. मग केसिंग उलटं करून लाकडावर आपटलं की जुनं बेअरिंग आपोआप खाली पडतं. नवीन बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये. गरम केसिंग, गार बेअरिंग, हातमोजे घालून ठेवलं की "टप" करून आपल्या जागी बसतं, पाच सेकंद मिळतात, वाकडं गेलं तर परत पहिल्यापासून. आमच्या फ्रीझरमध्ये गेल्या गणपतीत उकडीच्या मोदकांच्या डब्याशेजारी दोन बेअरिंग होती, सासूबाईंनी आरतीला आलेल्या सगळ्यांना ती गोष्ट सांगितली.

बेअरिंगचा नंबर जुन्यावरचा वाचा, पुढे सी३ वगैरे (आतली जागा किती ते) लिहिलं असेल तर ते पण तसंच घ्या. आणि हे बेअरिंग स्पेअर पार्टच्या दुकानात नाही, बेअरिंगच्या डीलरकडे, बिलासहित घ्या. डुप्लिकेट मालाला खोका इतका सुंदर असतो की खऱ्याला लाज वाटावी. एसकेएफचं तर खोक्याचा फोटो काढून तपासायचं ॲप आहे. बिग एंडच्या बुशवर पैसे वाचवायचे असतील तर वाचवा, मेन बेअरिंगवर नको.

---

डबलसीट_गडहिंग्लज (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, ऊस तोडणी चालू होती.

पहिल्यांदा रोटरचा नट बघितला, घट्ट होता. मग बॅरल काढला. तेलासकट रॉड ओढला तर काहीच नाही, मी खूश. डिझेल सोडून परत ओढला आणि बोटाला टक. पोराला बोलावून त्याला पण ओढायला लावला, तो म्हणे पप्पा हलतंय की. मग काय.

टायमिंग कव्हर काढलं. कॉर्क नावाची गोष्ट नव्हतीच, काळी वाळलेली टिकली निघाली, नखाने उचलली तर भुगा. फेल्टबद्दल न बोललेलं बरं, आण्णांनंतर मी तीनदा तेल बदललं, फेल्टला एकदा पण हात लावला नव्हता. नट उलट्या आट्याचा आहे हे माहीत असून एकदा चुकीकडे फिरवलाच.

इंजिन घरी उतरवलं, क्रँक गोणपाटात गुंडाळून एसटीने कोल्हापूर. दादांनी (नाव लिहू नको म्हणालेत) माझ्यासमोर केला. बुशच टाकला, नवीन पिन, आणि रॉड तपासून तोच ठेवला. मी उभा राहून मोजलं, सहा ठोके. शेवटी काटा दीड घर हलला. डायलवरचा फोटो काढून ठेवलाय. बुश, पिन, मजुरी मिळून त्या १४ हजारच्या तिसऱ्या हिश्शात बसलं, मेन बेअरिंग वेगळी, बिल घेतलं. पिस्टन-बोअर चांगला निघाला, नुसत्या रिंगा बदलल्या.

आता उद्या बसवणार. नवा कॉर्क तेलात भिजत ठेवलाय. चालू करायच्या आधी आणखी काय करू?

---

पाना_बारा_तेरा (कोल्हापूर)

टायमिंग कव्हर लावायच्या आधी क्रँकच्या टोकाच्या त्या भोकात ऑइल कॅन लावून तेल भर, पिस्टन बसवायच्या आधीच कर म्हणजे वरून बघता येतं, रॉडच्या बाजूने तेल ठिबकायला लागेपर्यंत सोडू नको. फेल्टच्या जागेत पण तेल भरून मग झाकण. कॉर्क कव्हरच्या बाहेर किंचित डोकावला पाहिजे, कव्हर आवळताना तो दबतो. मग प्लग काढून पन्नासेक किका. त्यानंतर प्लग लाव.

पहिले हजार किमी पन्नासच्या खाली, आणि आंबोलीला नको. पाचशेला तेल बदल, ते गाळून बघ.

---

डबलसीट_गडहिंग्लज (दोन दिवसांनी)

झाली चालू. दुसऱ्या किकला. ठक ठक नाही. टॅपेट थोडे वाजतायत पण ते आण्णांच्या वेळेला पण वाजायचे. आवाजाचा व्हिडिओ सकाळी टाकतो, आत्ता सगळे झोपलेत आणि आई म्हणते आता परत चालू केलीस तर बघ.

---

रोलर_म्हणजे_रोलर

अभिनंदन. व्हिडिओ टाक, बुशचा आवाज ऐकून बरीच वर्षं झाली.